मला जमेल का? कोल्हापुरातल्या उद्योजक महिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चटणी-मसाले, शिवणकाम, पार्लर, दुधाचे पदार्थ, चपला, मेस असं काही ना काही करणाऱ्या शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींच्या तोंडी आधी एखाद्या योजनेचं नाव असतं. चहा होईपर्यंत मूळ प्रश्न बाहेर पडतो, आणि तो योजनेचा क्वचितच असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत.

मला जमेल का?

हे विचारणारीचं निम्मं काम बहुतेकदा जमलेलं असतं. चार घरांची चटणी करून देणारी, गल्लीतल्या सगळ्या पोरींचे ब्लाउज शिवणारी, दिवाळीला करंज्यांच्या ऑर्डरी घेणारी बाई आम्हाला सांगते, ‘मी अजून काही करत नाही.’ मग हे काय आहे?

एक साधी वही घ्या. महिनाभर काय आणलं, काय विकलं, कुणाकडे किती राहिले, एवढंच लिहा. महिना संपला की ‘जमेल का’ मागे पडतं आणि ‘राहतात किती’ हा प्रश्न पुढे येतो. त्याचं उत्तर आमच्यापेक्षा ती वही चांगलं देते. धीर द्यायला आम्ही आहोतच, पण आम्ही दिलेला धीर घरी पोहोचेपर्यंत उतरतो. स्वतःच्या अक्षरातला हिशेब उतरत नाही. या पानावरच्या बऱ्याच उत्तरांत वही परत येईल, त्याचा कंटाळा करू नका.

घरचे म्हणतात, ‘तुला काय कमी आहे?’ त्यांना काय सांगू?

कमी काय आहे याची यादी देऊ नका, भांडण तिथेच सुरू होतं. या वाक्यामागे सहसा तीन भीती असतात. पैसे बुडतील, घराकडे दुर्लक्ष होईल, लोक नावं ठेवतील.

पहिलीवर आकडा सांगा. ‘माझ्या बचतीतले दहा हजार लावते. गेले तर गेले, त्यापुढे घरातला रुपया काढणार नाही.’ हद्द ठरलेली दिसली की निम्मा विरोध मावळतो. दुसरीचं उत्तर खाली वेळेच्या प्रश्नात आहे. तिसरीला उत्तर नाही. नावं ठेवणारेच दिवाळीला चकलीची ऑर्डर देतात, हे आम्ही पाहिलंय.

सासूबाईंना विरोधी पक्षात गृहीत धरू नका. चटणीचं प्रमाण त्यांचंच असतं. ‘आई, मिरचीचा अंदाज तुम्हीच घ्या’ असं म्हणून पाहा. बऱ्याच घरांत पहिली भागीदार तीच निघते.

आणि एक मनातलं. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोडा मागच्या पायांवर उभा आहे. त्या पुतळ्याला हार घालून आलेली माणसं घरी सुनेला सांगतात, ‘दुकानात बसायचं नाही.’ असो.

आत्मविश्वास वाढवायला कोणता कोर्स करावा?

फक्त आत्मविश्वासाचा कोर्स असेल तर पैसे वाचवा. कामाचा कोर्स करा, म्हणजे पॅकिंग, कटिंग, बेकरी, टॅली असं काहीतरी. ग्रामीण भागातल्या मुलींना आणि महिलांना आरसेटीत, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, असं प्रशिक्षण मोफत मिळतं. हातात कसब आलं की बोलणं आपोआप सुटतं.

ओळखीच्या माणसांना भाव सांगताना तोंड उघडत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त वेळ आमचा याच प्रश्नावर जातो, म्हणून थोडं सविस्तर.

चटणीचंच उदाहरण घेऊ. मार्च-एप्रिलात मिरची आली की घराघरांत तयारी सुरू होते. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. देठं काढायची, उन्हात वाळवायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, मग कांडप. समजा एका खेपेला दहा किलो चटणी निघते. मिरची, मसाला, तेल, कांडप, डबे, गॅस सगळं धरून किलोला ५२० रुपये पडले. तुम्ही ६०० ने विकता आणि म्हणता, ‘किलोमागे ऐंशी सुटतात.’

आता देठं काढण्यापासून डबे भरण्यापर्यंत किती हात लागले ते आठवा. तुम्ही आणि जाऊबाई, दोन दिवस. म्हणजे चार दिवसांची मजुरी. बाहेरची बाई ४०० रुपये रोजाने लावली असती तर १,६०० रुपये गेले असते, किलोला १६० रुपये. खरी किंमत झाली ६८०. तुम्ही ६०० ने विकताय. किलोमागे ऐंशी रुपये पदरचे घालताय, आणि वर जाऊबाईंचे उपकार वेगळे. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या मालाचे तुम्ही भरा. पण मजुरीची ओळ कोरी ठेवू नका.

‘घरचंच तर काम आहे’ हे वाक्य इथे सगळ्यांत महाग पडतं. आपल्या चपलेकडे बघा. चामडं कापणारा, तळ ठोकणारा हा कारागीर, आणि वेणी विणणाऱ्या, शिवण घालणाऱ्या घरातल्या बायका ‘मदतीला’. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच सँडल दाखवल्या, तेव्हा कोल्हापूर पेटून उठलं, आणि बरोबरच होतं. मात्र ज्या घरात चप्पल बनते तिथे वेणीचे तास किमतीत धरलेत का, हे कुणी विचारलं नाही.

भाव सांगायची रीत अशी. दरपत्रक छापून घ्या किंवा स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीला लावा, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवा. तोंडी भाव सांगितला की घासाघीस होते, लिहिलेला भाव माणसं मुकाट वाचतात. मावशी म्हणाल्या ‘मला पण हाच भाव?’ तर ‘मावशी, भाव सगळ्यांना एकच, तुम्हाला वरती एक पुडी माझ्याकडून’ म्हणा. पुडीचा खर्च वहीत लिहा. नातं सांभाळायलाही खर्च येतो, तो आधीच धरलेला बरा.

उधारी कशी मागायची? ‘देते गं पुढच्या महिन्यात’ ऐकून कंटाळा आला.

गावात दूध घालणाऱ्या घरांचं गणित कशावर चालतं? संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं यावर. तारीख ठरलेली असली की घेणारा आणि देणारा दोघंही सुखी. तुम्हीही तारीख ठरवा. ‘वहिनी, आता दर महिन्याच्या दहा तारखेला वही बंद करते, तुमचे साडेचारशे आहेत.’ आवाज चढवायचा नाही आणि कारणही द्यायचं नाही. ‘पोरांची फी भरायचीय’ असं सांगितलं की ती मदत मागितल्यासारखी वाटते. विकलेल्या मालाचे पैसे मागायला कारण कशाला?

दुकानदार किंवा कंपनी पैसे थकवत असेल तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी (तिच्याबद्दल खाली आहे) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. वस्तू बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांना हे लागू आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. पहिल्याच महिन्यात तक्रार करा असं आम्ही सांगत नाही. बिलाखाली ‘४५ दिवसांत देय’ ही ओळ आणि उद्यम क्रमांक छापला, तरी बराच फरक पडतो.

कर्ज कुठून घ्यावं? बचत गट, मुद्रा की सबसिडीची योजना?

किती हवंय आणि कशाला, यावर आहे. कच्च्या मालासाठी वीस-पंचवीस हजार हवे असतील तर गटाचं अंतर्गत कर्ज सोपं. गटाची पंचसूत्री पाळणाऱ्या बाईला, म्हणजे नियमित बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशेब यांची सवय झालेल्या बाईला, बँकेत बोलताना अडखळताना आम्ही फारसं पाहिलेलं नाही.

मशीनसाठी केंद्राची मुद्रा कर्जयोजना बघा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत, तारण नाही. तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंतची मर्यादा आहे.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात कोणत्याही जातीच्या महिलेला विशेष प्रवर्गाचा लाभ मिळतो. स्वतःचा हिस्सा ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. पण एक गैरसमज काढून टाका. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने तीन वर्षं ठेवलं जातं आणि उद्योग चालू असेल तर नंतर कर्जात वळतं होतं. ‘सबसिडी घेऊन बंद करू’ असा सल्ला देणारा भेटला तर त्याच्याकडचा चहाही पिऊ नका.

गूळ, मसाले, लोणची अशा खाद्यपदार्थांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. ती कृषी विभागाकडून चालते. मराठा समाजातल्या बायका अण्णासाहेब पाटील महामंडळाबद्दल विचारतात. तिथे व्याजाचा परतावा मिळतो, म्हणजे कर्ज बँकेचंच आणि हप्ता वेळेवर भरला तरच व्याज परत. पात्रता प्रमाणपत्र आधी काढायचं, कर्ज नंतर. उलटं केलं की अडकतं. कुठल्याही योजनेची मुदत आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एकदा समक्ष विचारा. एजंटाची गरज नाही.

कर्ज तुमच्या नावावर, पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्याला, असं होणार असेल तर सही करू नका. स्पष्टच लिहितो. थकलं तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमची बिघडते, ट्रॅक्टरची नाही.

शिक्षण कमी आहे, इंग्रजी येत नाही. चालेल?

सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या हरल्या नाहीत. अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, तुमचे लोक कॅल्क्युलेटरवर काढतील, आम्ही तोंडी. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तोंडी हिशेब तुम्हालाही येतो. भाजीच्या पेठेत रोज करताच की. रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी १० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट नाही, त्यापुढे आठवी पास लागते. इंग्रजी लागतं ते लेबलवर आणि मेलमध्ये. ते घरातला कॉलेजचा पोरगा करतो, त्याला महिन्याला थोडे पैसे द्या. फुकट करून घेतलं की परीक्षेच्या वेळी तुमचं लेबल अडतं.

व्यवसाय माझ्या नावावर आहे, पण सगळं ‘हे’ बघतात. त्यात चूक काय?

तुमचं व्हिजिटिंग कार्ड काढून बघा. वर तुमचं नाव, खाली ‘प्रोप्रायटर’, आणि मोबाईल नंबर कुणाचा? दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं? बँकेचे मेसेज कुणाच्या फोनवर जातात? अशी कार्डं आमच्याकडे ढिगाने येतात. नवरा मदत करतो यात वाईट काहीच नाही. पण दिवसाला किती जमा झाले हे तुम्हाला विचारून कळत असेल, तर धंदा त्यांचा आहे आणि राबणं तुमचं.

सुरुवात भांडणाने करायची गरज नाही. चालू खातं स्वतःच्या नावाने उघडा, क्यूआर त्याला जोडा, नवा नंबर घ्या. ‘हिशेब सोपा जातो’ एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे. सही करण्याआधी कागद वाचायची सवय लावा. मराठीत समजावून सांगा असं बँकेत म्हणायला लाजू नका.

घर, मुलं, म्हातारी माणसं, वर धंदा. वेळ कुठून आणू?

केंद्राच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात दिसलं की आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे हा तुमच्या नियोजनाचा दोष नाही. पहाटे चारला उठा, असला सल्ला आम्ही देत नाही. चारला उठून उद्योग मोठा होतो की नाही ठाऊक नाही, पाठ मात्र दुखते.

कामं वाटा किंवा विकत घ्या, हेच दोन मार्ग. तासाला तुम्ही शिवणकामात जेवढे कमावता त्यापेक्षा कमी पैशांत भांड्याला बाई मिळत असेल तर ती लावा, अपराधी वाटून घेऊ नका. मुलगा दहावीत असला तरी स्वतःचं ताट उचलू शकतो. आणि कामाचे तास घरात सांगून टाका. ‘दोन ते पाच मशीनवर असते’ असं महिनाभर सांगितलं की पाहुणेही पाचनंतर यायला लागतात.

कोणत्या नोंदण्या लागतात?

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट आहे. हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं खासगी असतात. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागतेच, घरगुती असला तरी. तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापा. जीएसटीची मर्यादा राज्यात मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख उलाढालीची आहे, पण कोल्हापूरला बेळगाव आणि निपाणी दाराशी असल्यामुळे एक लक्षात ठेवा, परराज्यात माल विकायचा असेल तर नियम वेगळे लागतात. तेव्हा सीएला विचारा.

इन्स्टाग्रामवर रील्स टाकल्याच पाहिजेत का?

नाही. टाकल्यात तर चेहऱ्यापेक्षा हात दाखवा. मिरची कुटताना, वेणी विणताना, काठ जोडताना. ऑर्डर आल्यावर दोन दिवसांत माल पाठवता येत नसेल तर रील्सच्या आधी कुरिअरचं बघा.

शेजारणीनेही हेच सुरू केलं. आता?

चपलांच्या ओळीत दुकानाला दुकान लागून आहे, गुळाचे अडते मार्केट यार्डात शेजारी शेजारी बसतात. एका मालाची चार दुकानं असली की गिऱ्हाईक तिथेच येतं. तिच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा ती काय करत नाही ते बघा. ती मंगळवारी घरपोच देत नसेल तर तुम्ही द्या. मोठी ऑर्डर आली की वाटून घ्यायला तीच उपयोगी पडते.

पावसाळ्यात मालाचं काय करायचं?

२०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको, तरी सांगतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याआधीच्या पातळीला माल वर हलवायचा, मशीनची मोटर सोडवून ठेवायची, हे ठरवून टाका. पाणी बघायला पंचगंगेवर नंतर जा.

विमा घेताना दोन गोष्टी तपासा. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल बहुधा धरलेला नसतो, आणि पुराचं संरक्षण आहे की नाही ते स्पष्ट विचारा. लहान उद्योगांसाठी विमा कंपन्यांकडे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी असते, तिच्यात पूर येतो. खरेदीच्या पावत्यांचे फोटो मेलवर ठेवा. दाव्याच्या वेळी भिजलेली पावती कुणी वाचत नाही.

तोटा होतोय. बंद करावं का?

आधी मंदी आणि तोटा वेगळे करा. नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत, दिवाळीत आणि लगीनसराईत चालणाऱ्या मालाला आषाढात शांतता असणारच. वहीत गेल्या वर्षीचा आषाढ असेल तर लगेच कळतं. नसेल तर वर्षभर थांबा, पण नवे पैसे न घालता.

सीझनलाही पैसे सुटत नसतील, मजुरी धरल्यावर दर महिन्याला खिशातून जात असतील, तर बंद करा. त्यात नाक कापलं जात नाही. मशीन विकून देणी फेडा, पुरवठादाराला समक्ष भेटून सांगा. पैसे बुडवून गेलेली बाई लोक लक्षात ठेवतात, हिशेब मिटवून गेलेल्या बाईला दुसऱ्या धंद्यात उधारीवर माल मिळतो. बंद केल्यावर काही महिने नोकरी करणाऱ्या बायका आमच्यात आहेत. त्या परत येतात तेव्हा जास्त नीट भाव सांगतात.

पहिली बाई कामाला कधी ठेवावी?

सलग तीन महिने ऑर्डर परत पाठवाव्या लागल्या की. त्याआधी सीझनपुरती रोजंदारी बघा. ठेवताना पगाराची तारीख, सुट्टी आणि काम बोलून घ्या, आणि तिला ‘घरच्यासारखी’ म्हणू नका. तिला पगार हवा असतो, तोही वेळेवर. चटणीचं प्रमाण तिला शिकवावं का, असं सगळ्या विचारतात. शिकवा, पण मसाला एकत्र मोजून द्यायचं काम पहिलं वर्षभर तुमच्याच हातात ठेवा.